सुरीला वेळ मिळावा म्हणून

बंदुकीतलं मला कळतं, असं मी दुबईच्या देऱ्यात नोकरीला आल्या आल्या सांगून बसलो होतो. हे अगदीच खोटं नव्हतं. माझे अब्बा आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले शिकारी. परवान्याची एकनळी बंदूक घरात होती. तिची नळी तेलाच्या फडक्याने पुसण्यात आणि अब्बांच्या मागून रान तुडवण्यात माझी मॅट्रिकपर्यंतची वर्षं गेली. पण मी स्वतः बार काढला तो आयुष्यात सातआठ वेळा, आणि त्यातलेही निम्मे वाडीतली वानरं पळवायला. एवढ्या भांडवलावर मी दुकानाच्या मालकासमोर छाती काढून उभा राहिलो. मालकाला आम्ही सगळे नोकर अरबाब म्हणत असू.

"बंदूक जानता?" त्यांनी विचारलं.

"जानता, अरबाब."

झालं. वासरांत लंगडी गाय शहाणी. दुकानातले बाकीचे दोघे नोकर घड्याळं आणि रेडिओ यांपलीकडे कशाला हात लावत नसत, त्यामुळे काडतुसांचं कपाट, दुर्बिणी, शिकारीचे थर्मास आणि चामडी पट्टे असला सगळा माल माझ्याकडे आला. हे साठाच्या दशकाच्या शेवटाकडचं. दुकानासमोरच खाडी होती, गलबतं धक्क्याला लागलेली असत, आणि उन्हाळ्यात दुपारी काउंटरच्या काचेवर हात ठेवला तर चटका बसे.

अरबाब साठीला आले होते. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी बापाबरोबर चारपाच वर्षं मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी बोलत, तीही भेंडीबाजारची. हिवाळा लागला की दुकान नोकरांवर टाकून ते वाळवंटात जात, ससाणा घेऊन, रायफल घेऊन. मी आलो त्याच्या आदल्या वर्षीपर्यंत हे चाललं होतं. मग एका सकाळी नमाजासाठी उठताना अर्धांगाचा झटका येऊन ते पडले, डावा पाय लुळा झाला आणि डावा हात कायमचा गेला. पाय महिन्याभरात थोडाफार परत आला. हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला.

डावा हात जाणं म्हणजे शिकाऱ्याचं काय जाणं, हे ज्याने शिकार पाहिली नाही त्याला कळणार नाही. ससाणा बसतो तो डाव्या मुठीवर. रायफलची नळी पेलतो तो डावा हात. अरबाबांचा ससाणा त्यांच्या मुलाने कुणाला तरी देऊन टाकला आणि रायफली स्वतःच्या घरी नेल्या. मुलगा वाईट नव्हता. पण त्याची शिकार लँडरोव्हरमधून चालायची, धावत्या गाडीतून, हरणं दमून पडेपर्यंत. एकदा तो मागच्या फळीवर दोन हरणं टाकून दुकानासमोर आला, तेव्हा अरबाबांनी खुर्ची फिरवून पाठ केली. वाळवंटातली हरणं तेव्हाच संपत आली होती. दोन दिवस फिरून एक दिसलं तर लोक नशीब म्हणत.

त्या पावसाळ्यात, म्हणजे आमच्या गावाकडे पावसाळा होता तेव्हा, अरबाबांनी मला बोलावून एक इंग्रजी कॅटलॉग पुढे टाकला. अमेरिकेतला. त्यात पानभर लांब नळीची रिव्हॉल्व्हरं होती आणि एक माणूस एका हाताने रिव्हॉल्व्हर रोखून हरणावर नेम धरून बसला होता. दुसरा हात त्याने गुडघ्यावर नुसता ठेवून दिलेला.

"ये पढ़," ते म्हणाले. "सब पढ़. ये आदमी एक हाथ से मारता है."

मी वाचून दाखवलं. तिकडे हातबंदुकीने शिकार करायचा शौक निघाला होता, त्यासाठी ही खास बनवलेली. अरबाबांनी उजवा हात काउंटरवर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "एक हाथ बचा है. ये अभी शिकारी का हाथ है कि खाली खाना खाने का हाथ है, इतना देखना है. एक दफा. फिर खलास."

त्यांना मांस नको होतं, कातडं नको होतं. तो एक हात त्यांना जोखायचा होता, आणि जोखायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मला आनंद झाला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस मी, मला भीती वाटायला हवी होती.

परवान्याचं मोठ्या माणसांनी पाहिलं. निवड माझ्यावर होती. एकाच रिव्हॉल्व्हरला चार इंच, सहा इंच आणि आठ इंचांवर थोडी अशा तीन नळ्या मिळत होत्या. मी धक्क्यावर गलबतं दुरुस्त करणाऱ्या सुताराकडून त्या तिन्ही मापांची लाकडी खेळणी करून घेतली, आणि जाळ्याला लावायचं शिसं टोकाशी ठोकून कॅटलॉगमधल्या वजनाशी जुळवलं. दुपारी दुकान बंद झालं की आतल्या खोलीत अरबाब ती एकेक करून हात लांब करून धरत आणि मी आकडे मोजत बसे. चार इंची हातात हलकी वाटे, पण टोक सारखं वळवळे. आठ इंची जड, तिसापर्यंत मोजलं की खाली कलायला लागे, पण तोवर जागची हलत नसे. लांब नळीचा दुसराही फायदा होता. नेम धरायची मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी यांच्यात अंतर जितकं जास्त, तितकी नेमातली चूक कमी. अब्बांनी मला हे पोफळीच्या काठीवर दोन काटे खोचून शिकवलं होतं.

"लंबी," अरबाब म्हणाले. "बूढ़े को बूढ़ी बंदूक चलती है, मगर छोटी नहीं चलती."

ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

खाच आणि माशीने मात्र घोटाळा केला. मी लाकडी नळीवर मागे खाच कोरली, पुढे एक खिळा ठोकला आणि समोरच्या भिंतीपाशी रॉकेलचा डबा ठेवला. अरबाबांनी हात लांब केला, एक डोळा मिटला, आणि बराच वेळ तसेच राहिले. खिळा बघावा तर डबा पुसट होतो, डबा बघावा तर खिळा नाहीसा होतो, आणि मागची खाच तर कुठल्या कुठेच नाही, असं ते शेवटी म्हणाले. साठीच्या डोळ्यांना तीन अंतरं एका वेळी कशी दिसणार? अब्बांचंही पुढे हेच झालं होतं, पण ते कबूल करत नसत, बंदुकीलाच शिव्या घालत.

मी कॅटलॉग पुन्हा पालथा घातला. शेवटच्या पानांवर हातबंदुकीची दुर्बीण सापडली. रायफलवरची दुर्बीण डोळ्याला जवळजवळ चिकटवावी लागते. ही अशी बनवली होती की हात लांब धरूनही तिच्यात दिसावं. काचेत बारीक फुली आणि तिच्यामागे जनावर, दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी स्पष्ट. खाच नको, माशी नको. अडचण एवढीच की जनावर जसं मोठं दिसतं तसा हाताचा कंपही मोठा दिसतो, म्हणून मी सगळ्यांत कमी ताकदीची दुर्बीण निवडली. इथवर मी जे केलं ते बरोबर केलं. आजही मला त्यातलं काही बदलावंसं वाटत नाही.

राहिलं काडतूस.

अरबाबांना कॅटलॉगमधलं सर्वांत दांडगं रिव्हॉल्व्हर हवं होतं, चव्वेचाळीस बोरचं. "मारना है तो गिरना चाहिए," हे त्यांचं म्हणणं. मी ते नको म्हटलं. त्या धक्क्याने मनगट उखडेल, आधाराला दुसरा हात नाही, असं सांगितलं. ते खरंच होतं. मग मी त्याखालचं, तीनशे सत्तावन्न बोरचं सुचवलं. त्याची गंमत अशी की त्यात त्याची स्वतःची जोरकस काडतुसं चालतात, आणि अडतीस बोरची मवाळ काडतुसंही बसतात. माल मागवून देणाऱ्या एजंटने पत्रात लिहिलं होतं की मवाळ सरावाला वापरा, जोरकस शिकारीला. दोन्हींच्या पेट्या मागवल्या.

पण मनगटाचं कारण हे निम्मंच कारण होतं. निम्मं मी बोललोच नाही. लपवलं नाही, नुसतं बोललो नाही. भात शिजवताना पाणी घालतात हे कुणी कुणाला सांगतं का, तसं ते माझ्या लेखी होतं.

आमच्या गावात शिकार म्हणजे दोन माणसांचं काम. एक बंदूकवाला, एक सुरीवाला. अब्बा बार काढत आणि मिसरूड फुटल्यापासून सुरी माझ्याकडे असे. भेकर पडलं की मी धावत जायचं, जिवंतपणी त्याच्या गळ्यावर बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची, तेव्हा ते हलाल. मी पोचायच्या आत जीव गेला तर मुर्दार. मग ते तिथेच कोल्ह्यांना टाकून रिकाम्या हाताने घरी यायचं. बंदुकीच्या गोळीने मेलेलं चालत नाही, गोळी ठेचते, कापत नाही, असं आमचे मौलवी सांगत आणि त्यावर गावात कधी कुणी प्रश्न विचारला नव्हता. म्हणून अब्बा कधी काळजावर नेम धरत नसत. पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांडीच्या वर, मारत. जनावर मागच्या पायांवर बसे, मरत नसे. रान एवढं दाट की ते पंचवीस पावलांपलीकडे जाऊच शकत नसे.

मी अब्बांना पत्र टाकून सल्लाही विचारला. उत्तर यायला दीड महिना लागला. त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं. "हरणाला पुठ्ठ्यात मारा. काडतूस भारी नको. जनावर बसलं पाहिजे, मरता कामा नये. सुरीला वेळ मिळाला पाहिजे." मला धन्य वाटलं. बाप गावात बसून दुबईतल्या शिकारीची सूत्रं हलवत होता.

दर्यापार राहणारा, वेगळ्या इमामाची रीत पाळणारा मुसलमान सुरीबद्दल काय मानतो, हे समोर बसलेल्या त्या माणसाला विचारायला मला पाव मिनिट लागलं असतं.

रिव्हॉल्व्हर आलं. निळसर काळं, हातभर वाटावं असं लांब, वर दुर्बीण. आम्ही देऱ्याबाहेर मोकळ्या वाळूत गेलो. मी चक्रीच्या सहा घरांत मवाळ काडतुसं भरली आणि डबे मांडायला पुढे गेलो. मागे वळलो तोवर अरबाबांनी आपल्या बुद्धीने सोय करून घेतली होती. मांडी घालून बसले होते, मेलेला डावा हात आडवा गुडघ्यांवर ठेवला होता आणि त्याच्यावर रिव्हॉल्व्हर टेकवलं होतं. बार निघाला. डबा उडाला. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि मला कापड जळल्याचा वास आला.

रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत आणि नळीत बारीक फट असते. तिथून दोन्ही बाजूंना आगीचा फवारा निघतो. अब्बांच्या बंदुकीला चक्रीच नव्हती, मला काय माहीत? त्यांच्या कंदुऱ्याची, त्या पायघोळ अरबी झग्याची, बाही जळून फाटली होती आणि आत कातडीवर बोटभर लांबीचा काळालाल पट्टा उठला होता. अरबाबांना पत्ता नव्हता. ते डब्याकडेच बघत होते. मी बाही वर केली तेव्हा त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, कुणा परक्याचा असावा तसं.

"देखा?" ते म्हणाले. "इस घर में अब कोई नहीं रहता."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. मी पाणी ओतलं, रुमाल बांधला. त्यानंतर आम्ही नवी बैठक बसवली. उजवा गुडघा उभा, त्यावर घडी केलेलं मुंडासं, त्याच्यावर मनगट, आणि डावा हात कमरेच्या पट्ट्यात खोचलेला. अशी दोन महिने तालीम चालली. दुर्बीण मी मवाळ काडतुसांवरच जुळवली, साठ पावलांवर. जोरकस काडतुसांची पेटी दुकानातल्या कपाटात तशीच राहिली, तिची चिकटपट्टीही कुणी काढली नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी अरबाब सहांतले पाच डबे पाडू लागले. मी एका कागदी खोक्यावर हरीण काढलं आणि त्याच्या पुठ्ठ्यावर कोळशाने गोल केला.

"इधर?" त्यांनी विचारलं. "दिल पे नहीं?"

"इधर, अरबाब. इधर बराबर है."

"तू जानता," ते म्हणाले आणि कोळशाच्या गोलावर नेम धरला.

हा संवाद मी आयुष्यात किती वेळा मनात परत बोललो असेन याला गणती नाही. त्यांनी विचारलं होतं. त्यांनी स्वतः विचारलं होतं.

डिसेंबरात आम्ही निघालो. मुलाने त्याची लँडरोव्हर दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत आणायची तंबी दिली. सोबत वाळवंटात वाढलेला एक म्हातारा बदू होता, अरबाबांचा जुना वाटाड्या, गाडीही तोच चालवत होता. त्याला म्हणे एका ठिकाणी तीन हरणं दिसली होती. आदल्या संध्याकाळी जवळच्या वस्तीवर मुक्काम केला आणि उजाडायच्या बेताला आम्ही एका बाभळीच्या आडोशाला जाऊन बसलो. समोर खडीचं सपाट मैदान होतं, पलीकडे वाळूचे उंचवटे. वारा तोंडावर येत होता. थंडीने अरबाबांचे दात वाजत होते, पण मुंडाशाच्या घडीवरचं मनगट स्थिर होतं. मी डाव्या बाजूला दुर्बीण घेऊन पालथा पडलो होतो. कमरेला सुरी होती, आदल्या दिवशी धार लावलेली.

तीन नव्हती, दोनच आली. मातकट, बारीक, अगदी बेतशीर. चरत चरत साठ पावलांवर आली आणि मोठं त्यातलं आडवं उभं राहिलं. अरबाबांनी अंगठ्याने घोडा चढवला. ओठ हलले. बिस्मिल्ला मला स्पष्ट ऐकू आली.

बार निघाला.

मी दुर्बिणीतून सगळं पाहिलं. गोळी पुठ्ठ्यावर बसली, जिथे मी कोळशाने गोल केला होता तिथेच. केस उडाले. हरीण मागच्या पायांवर खचलं आणि मी उठून सुरी काढून धावलो, जसा गावच्या रानात धावत असे. आणि हरीण उठलं. मागचा एक पाय लोंबकळत होता, तीन पायांवर ते उठलं आणि निघालं. समोर झाड नाही, ओढा नाही, करवंदीची जाळी नाही. पंचवीस पावलांवर त्याला अडवायला काहीच नव्हतं, पाच मैलांवरही नव्हतं. मी छाती फुटेपर्यंत धावलो. दोन्ही हरणं वाळूच्या उंचवट्यापलीकडे गेली आणि मी मैदानात सुरी घेऊन एकटा उभा राहिलो.

बदू खडीवरचे रक्ताचे थेंब बघत माझ्यामागून सावकाश आला. माझ्या हाताकडे बघून त्याने विचारलं की सुरी कशाला. मी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, जीव जायच्या आत हलाल करायला.

त्याला गंमत वाटली. "चाप ओढताना बिस्मिल्ला म्हटली ना?" तो म्हणाला. "मग जागच्या जागी मेलं तरी हलाल. आमच्या इकडे असंच. तुझ्या अरबाबला विचार."

मी तिथेच उकिडवा बसलो. काळजावर नेम धरला असता तर? ती कपाटातली पेटी आणली असती तर? जनावर जागीच पडलं असतं, आणि हा माणूस ते स्वतःच्या हाताचं म्हणून घरी घेऊन गेला असता. बापलेकांनी मिळून, एका पत्राने आणि एका कोळशाच्या तुकड्याने, आम्ही ते पळवून लावलं होतं.

परत जाताना मी ठरवलं होतं की सांगायचं. खरंच ठरवलं होतं. अरबाब तसेच बसून होते, गुडघा उभा, रिव्हॉल्व्हर घडीवर. गोळीच्या धक्क्याने दुर्बीण डोळ्यापुढून उसळली होती, त्यामुळे बाभळीच्या आडून त्यांना हरीण खचलेलं दिसलंच नव्हतं. मग धुरळ्यात पळणारी दोन हरणं दिसली, एवढंच.

"लगी?" त्यांनी विचारलं.

लागली म्हटलं, तर पुढचा प्रश्न होता, मग पडलं का नाही. मग काडतूस. मग पुठ्ठा. मग माझं जाणकारपण. शिवाय जखमी जनावर सोडून हा माणूस हलला नसता, दिवसभर उन्हात फिरला असता, आणि मुलाची तंबी होती. ही सगळी कारणं मला त्या एका श्वासात सुचली. माणसाला खोटं बोलायचं असलं की कारणांची कमी पडत नाही.

"नहीं, अरबाब," मी म्हणालो. "नहीं लगी."

बदू खाली खडीकडे बघत होता. त्याने पायाने एक दगड उलटा केला. मग माझ्याकडे पाहिलं. त्याने मला का सांभाळून घेतलं, ते मला माहीत नाही.

अरबाबांनी रिव्हॉल्व्हर माझ्याकडे दिलं. "यल्ला, चलो," ते म्हणाले. गाडीत पुढच्या सीटवर उजवा हात मांडीवर उताणा ठेवून ते बसले होते. अर्ध्या वाटेवर त्या हाताकडे बघत म्हणाले, "ये भी गया." मी मागे बसलो होतो. माझ्यापासून त्यांचा खांदा वीतभर अंतरावर होता. पुढे वाकून दोन शब्द बोलायचे होते. मी सुरी कमरेला नीट खोचली आणि मागे टेकून बसलो.

त्यानंतर ते दुकानात येईनासे झाले. मुलगा सांगे, आता चमचाही धरत नाहीत, नात भरवते. हाताला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरही तेच म्हणाला. त्यांनी तो सोडून दिला होता. मी दर शुक्रवारी भेटायला जायचो, आज सांगू म्हणून. कॉफी पिऊन परत यायचो. खोलीवर आमच्या गावचे पाचजण होते, त्यातल्या एकालाही मी हे सांगितलं नाही. अब्बांनी पत्रात विचारलं, शिकार कशी झाली. मी लिहिलं, हरणं आता उरली नाहीत. हे वाक्य तेवढं खरं होतं.

फेब्रुवारीत तो बदू दुकानात आला. धडपणे सलामही न करता त्याने फडक्यात बांधलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. मी गाठ सोडली. हाड होतं, वाळून पांढरं पडलेलं, पुठ्ठ्याचं, आणि त्यात चपटं झालेलं शिसं रुतलेलं. त्या उंचवट्यापलीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर सापडलं, असं तो म्हणाला. कोल्ह्यांनी बाकी काही ठेवलं नव्हतं. अर्धा दिवस ते तीन पायांवर चाललं होतं.

"त्या दिवशीच रक्त दिसलं होतं," तो म्हणाला. "तूही पाहिलंस." मग तो गेला. चहा घे म्हटलं तर थांबला नाही.

हाताचा पुरावा माझ्या हातात होता. साठ पावलांवरून, एका हाताने, कोळशाच्या गोलावर. आता तरी त्याच संध्याकाळी उठून जायला हवं होतं. मी शिसं सुरीने उकरून काढलं, कागदात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. शुक्रवार गेला. मी गेलो नाही. नवव्या दिवशी सकाळी मुलगा दुकान बंद करायला सांगत आला. अरबाबांना दुसरा झटका आला होता, या वेळी उजव्या बाजूला.

बैल गेला नि झोपा केला, तसा मी त्या दुपारी गेलो. ते गादीवर उताणे होते. वाचा गेली होती. उजवा हात पांघरुणावर कुणीतरी सरळ करून ठेवला होता. मुलगा चहा सांगायला आत गेला, तेव्हा मी गुडघ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. सावकाश, त्यांच्या मुंबईच्या हिंदीत. हाथ सच्चा था, अरबाब. गोली बराबर लगी थी. काडतूस मैंने हलका डाला था. निशाना मैंने गलत बताया था. झूठ मैंने बोला था. हाथ सच्चा था.

डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते की माझ्यामागच्या भिंतीकडे, हे मला आजही सांगता येत नाही.

मी कागद उलगडून शिसं त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवलं. ते घरंगळून गादीवर पडलं. मी परत ठेवलं. परत पडलं. तिसऱ्या वेळी मी त्यांची बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली, आणि मुलगा चहा घेऊन येईपर्यंत ती मूठ माझ्या दोन्ही हातांनी धरून बसलो.